लवकर कळल्यानंतर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते त्याची दोनच ठिकाणे ठरलेली आहेत. एक म्हणजे आरोग्य शिबिराचा फलक: मुलींना लस द्या, तिशीनंतर तपासणी करून घ्या, पांढरे जात असेल किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले तर दुखणे अंगावर काढू नका. दुसरे म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाची हकिगत. ती ऐकणाऱ्याने हळहळावे आणि आपल्या घरी असे काही न होवो म्हणून देवाला हात जोडावेत, अशाच बेताने सांगितलेली असते. या दोन्हींच्या मधली बरीच मोठी जागा रिकामी आहे. तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, अहवालात कर्करोग निघाला आणि डॉक्टर म्हणाले, ‘लवकर कळले, बरे झाले.’ इथे फलकाचे काम संपलेले असते आणि हकिगतीला अजून सुरुवात झालेली नसते. त्या बाईचे प्रश्न मात्र इथेच उभे राहतात. पुढच्या काही आठवड्यांत काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे आणि ते ठरवायचे कोणी? प्रस्तुत पुस्तक या मधल्या जागेविषयी आहे.

भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा आजार होतो आणि सुमारे 80,000 स्त्रिया त्याने दगावतात, असा 2022 सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आजार गर्भाशयमुखापुरताच असताना सापडला आणि उपचार नीट झाले, तर पाच वर्षांनंतर दहातल्या नऊ स्त्रिया हयात असतात, असे उपचारांच्या चांगल्या सोयी असलेल्या देशांचा अनुभव सांगतो. या दोन आकड्यांमधली दरी सहसा ‘उशिरा निदान’ एवढ्या दोन शब्दांत बुजवली जाते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण लवकर निदान म्हणजे निम्मी लढाई जिंकली, उरलेले डॉक्टर बघून घेतील, हा जो समज त्यातून निघतो तो धोक्याचा आहे. लवकर निदानाने हाती पडतात त्या दोन गोष्टी: उपचारांचे एकाहून अधिक पर्याय आणि त्यांतून निवड करायला थोडा वेळ. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी वाया जाण्याच्या दोन पक्क्या वाटा आहेत. एक घाईची, दुसरी लपवाछपवीची. निदान समजून घेणे हे मनाच्या समाधानापुरते नसून उपचाराचाच पहिला भाग आहे, आणि धीर येतो तोही बहुतांशी या समजण्यातूनच, असे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

मुळात हा आजार आपल्याला वेळ देतो तो का, हे पाहिले पाहिजे. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, हा त्याच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात सापडतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ट त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 मध्ये त्याचा 16 क्रमांकाचा आणि 1984 मध्ये 18 क्रमांकाचा प्रकार या कर्करोगाच्या पेशींत दाखवला. जगातले सुमारे 70 टक्के रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. विषाणूची लागण ही अगदी सर्वसाधारण गोष्ट आहे. बहुतेक शरीरे त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावून लावतात. काही थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडतो, पेशी बिघडवतो, आणि त्या बिघाडाचा कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. ही संथ चाल किती संथ आणि किती निश्चित, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दुर्दैवाने एका गैरकृत्यातून मिळाला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये 1966 पासून हर्बर्ट ग्रीन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी पूर्वकर्करोग अवस्थेतल्या अनेक स्त्रियांवर पुरेसे उपचार न करता नुसते लक्ष ठेवले. हे आपल्यावर चालले आहे, याची त्या स्त्रियांना कल्पना नव्हती. 1987 मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ते एका मासिकातून उघडकीला आणले, आणि त्यावर न्यायिक चौकशी बसली. पुढे 2008 मध्ये या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसले की, नुसता तुकडा काढून ज्यांना सोडून दिले होते त्यांच्यापैकी 31 टक्के स्त्रियांना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्यावर पुरेसे उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. सगळ्यांना होत नाही, लगेच होत नाही, पण दुर्लक्ष केले तर तिघींतल्या एकीला गाठतोच, असा हा आजार.

विषाणूचे नाव आले की घरात जो प्रश्न बोलला जात नाही पण हवेत राहतो, त्याला इथेच उत्तर देणे बरे. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो. इटलीतल्या व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांना 1842 मध्येच दिसले होते की गर्भाशयाच्या कर्करोगाने विवाहित स्त्रिया मरतात, मठातल्या जोगिणी क्वचितच. त्या निरीक्षणातून विज्ञानाला शेवटी विषाणू सापडला, समाजाला मात्र चारित्र्याचा संशय सापडला. वस्तुस्थिती अशी की, शरीरसंबंध असलेल्या स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्हीची लागण होऊन जाते. लागण आणि निदान यांत वीस वर्षांचे अंतर असू शकते. आपल्या देशातल्या असंख्य रुग्ण स्त्रियांचा आयुष्यभर नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नसतो. तो विषाणू कोणाकडून आणि कधी आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. तेव्हा या कर्करोगाचा अहवाल हा कोणाच्याही वर्तनाचा दाखला नव्हे, नवऱ्याच्याही नाही. ‘माझेच काहीतरी चुकले असेल’ हा विचार उपचाराच्या वेळापत्रकातले दिवस खातो, म्हणून त्याची दखल वैद्यकीय कारणासाठीही घ्यावी लागते.

निदानाच्या शास्त्रात तीन परंपरा दिसतात, आणि त्यांतल्या दोहोंचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पहिली पेशी पाहण्याची: जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी 1928 मध्ये मांडलेली आणि 1943 मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासह ग्रंथरूपाने सिद्ध केलेली पॅप चाचणी. पाश्चात्त्य देशांत तिने मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले, पण तिला प्रयोगशाळा, प्रशिक्षित डोळे आणि पुन्हा पुन्हा बोलावता येणारी यंत्रणा लागते. दुसरी परंपरा नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. गर्भाशयमुखाला चार टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि प्रखर दिव्याच्या उजेडात पांढरा डाग उमटतो का ते बघायचे. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर हा अभ्यास केला. तपासणाऱ्या होत्या किमान दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या बायका. बारा वर्षांत या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तिसरी परंपरा थेट विषाणू शोधण्याची. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांचा आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. टाटा मेमोरियलबरोबर बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयाने गावोगाव ते काम केले होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने आठ वर्षांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या धोरणांनी विषाणू-चाचणीकडे मोहरा वळवला त्यामागे मराठवाड्यातल्या या बायकांची मोठी भर आहे. या अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी मिळाली नाही यावर नैतिक टीका झाली, ती गंभीर होती, आणि तीही या इतिहासाचाच भाग आहे. एवढे सगळे सिद्ध झाल्यावरही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या जेमतेम दोन टक्के भारतीय स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. मग फेब्रुवारी 2024 मध्ये एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवून या आजाराची ‘जागृती’ करायची वेळ येते, यात नवल ते काय!

उपचारांचा इतिहास म्हणजे दोन घराण्यांची शंभर वर्षांची चढाओढ. 1898 मध्ये व्हिएन्नात एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी गर्भाशयाबरोबर आजूबाजूचे ऊतक आणि लसिकाग्रंथीही काढण्याचे मोठे ऑपरेशन सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसमध्ये क्युरी दांपत्याने रेडियम जाहीर केले. वेर्टहाइम यांच्या पहिल्या 500 रुग्णांत जवळपास पाचातली एक ऑपरेशनमुळेच दगावली, तेव्हा रेडियमवाल्यांना मैदान मोकळे मिळाले. स्टॉकहोम, पॅरिस आणि मँचेस्टर इथे किरणोपचाराच्या आपापल्या पद्धती रूढ झाल्या. पुढे प्रतिजैविके आणि रक्तपेढ्या आल्या, भूल सुधारली, आणि शस्त्रक्रियेचे घराणे पुन्हा उभे राहिले. निकाल लागला तो 1997 मध्ये, इटलीतल्या लांदोनी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात. सुरुवातीच्या अवस्थेतल्या स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले तेव्हा दोन्ही गटांत पाच वर्षांनी 83 टक्के स्त्रिया हयात होत्या. पण गंभीर दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात 28 टक्के आणि किरणोपचाराच्या गटात 12 टक्के निघाले. शस्त्रक्रियेच्या गटातल्या सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांना नंतर किरणोपचारही घ्यावे लागले होते, आणि खरा मार बसला तो दोन्ही उपचार एकीच्याच वाट्याला आल्याचा. दोन्हींपैकी एकच उपचार पुरेल अशी निवड सुरुवातीलाच करा, हा या अभ्यासाचा धडा. ती निवड करायची तर आधी आजार मोजावा लागतो.

म्हणून अहवालाचा तो एक कागद नीट वाचण्यासारखा असतो. त्यावर कर्करोगाचा प्रकार असतो: बहुधा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, कधी ॲडेनोकार्सिनोमा. तो किती खोल शिरला आहे ते मिलिमीटरमध्ये असते. लसिका आणि रक्ताच्या बारीक वाहिन्यांत पेशी दिसल्या की नाहीत, हे एका ओळीत असते. गर्भाशयमुखाचा शंकूच्या आकाराचा तुकडा काढला असेल तर त्या शंकूच्या कडा स्वच्छ आहेत की नाहीत, हे आणखी एका ओळीत. खोली तीन मिलिमीटरच्या आत, वाहिन्या मोकळ्या आणि कडा स्वच्छ असतील, तर पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीला तेवढा शंकूच पुरतो. गर्भाशय जागेवर राहते. आजार दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर फक्त गर्भाशयमुख काढून गर्भाशय राखण्याची शस्त्रक्रिया करता येते. फ्रान्समधल्या लियोंचे दानिएल दारजाँ यांनी ती 1987 मध्ये सुरू केली, आणि त्यानंतर जगभर कित्येक स्त्रियांना मुले झाली. दोन ते चार सेंटिमीटरला सहसा मोठे ऑपरेशन. चारच्या पुढे किंवा ग्रंथींत आजार असेल तर ऑपरेशनच्या वाटेला न जाता किरणोपचार आणि त्यासोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध. 1999 पासून हीच रीत आहे. मोठ्या गाठीला आधी केमो देऊन मग ऑपरेशन करावे का, या प्रश्नाचे उत्तर टाटा मेमोरियलच्या 2018 मधल्या अभ्यासाने ‘नको’ असे दिले. तीन मिलिमीटर की पाच, दोन सेंटिमीटर की चार, यावर एका बाईचे गर्भाशय, अंडाशय, मूत्राशयाच्या नसा आणि पुढची वीस-तीस वर्षे ठरतात.

घाईची वाट कुठे नेते ते आता स्पष्ट होईल. ‘पिशवी काढून टाका, भानगडच नको’ हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो आणि त्याहून सहज घेतला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, तेव्हा शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे कामाचा खाडा आणि पाळीची अडचण होती, तशीच ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीतीही होती. म्हणजे कर्करोग नसलेल्या बायकांची पिशवी कर्करोगाच्या धास्तीने गेली. याची दुसरी बाजू क्वचितच चर्चेत येते. पांढरे जाते, रक्त जाते म्हणून गर्भाशयमुखाची तपासणी न करताच साधे ऑपरेशन होते आणि काढलेल्या पिशवीच्या अहवालात मागाहून कर्करोग निघतो. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत अशा स्त्रिया नेहमी येतात. त्यांचे आजूबाजूचे ऊतक आणि ग्रंथी आत राहिलेल्या असतात, आजार नेमका किती होता हे आता मोजता येत नाही, आणि मग पुन्हा ऑपरेशन किंवा किरणोपचार, कधी दोन्हीही. गंमत अशी की तेच साधे ऑपरेशन योग्य बाईसाठी योग्य असू शकते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ या 700 स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दोन सेंटिमीटरच्या आतल्या, कमी जोखमीच्या आजारात साधे ऑपरेशन मोठ्या ऑपरेशनइतकेच खात्रीचे ठरले. तीन वर्षांत ओटीपोटात आजार उलटण्याचे प्रमाण 2.52 आणि 2.17 टक्के निघाले, आणि साध्या ऑपरेशननंतर लघवीच्या तक्रारी कमी होत्या. ऑपरेशनचे नाव एकच. पण ‘शेप’मधल्या स्त्रियांचा आजार आधी मोजलेला होता, ग्रंथी तपासल्या जाणार होत्या. फरक पडला तो सुरी चालवण्याआधी काय माहीत होते याचा.

यावर एक रास्त आक्षेप येतो: हे सगळे डॉक्टरांनी जाणायचे, पेशंटने कशाला? गवंड्याच्या कामात घरमालकाने थापी हातात घेऊ नये, हे खरे. पण डॉक्टरांचे शास्त्रही चालते-फिरते आहे. दुर्बिणीने ऑपरेशन केले की जखम लहान, रक्त कमी, सुट्टी लवकर. तेव्हा ते या आजारातही चांगलेच असणार, असे जगभर धरून चालले गेले आणि वर्षानुवर्षे तशी ऑपरेशने झाली. 2018 मध्ये पेड्रो रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी 631 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या गटात 96.5 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 86 टक्के होत्या. त्यानंतर मोठ्या संस्थांनी आपली मार्गदर्शक तत्त्वे बदलली. ही माहिती असलेली बाई डॉक्टरांशी वाद घालत नाही. ती एवढेच विचारते की, ‘माझ्या बाबतीत दुर्बीण का, किंवा का नाही?’ चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न आवडतो. ज्याला आवडत नाही, त्याच्या बाबतीत दुसरे मत घ्यायची गरज आपोआप सिद्ध होते. आणि असे मत घ्यायला वेळ असतो. या टप्प्यावर एमआरआय, तुकड्याची पुन्हा तपासणी, कर्करोग रुग्णालयात एक फेरी यांत दोन-तीन आठवडे गेले म्हणून सहसा काही बिघडत नाही. नेमके उलटे किरणोपचाराचे: एकदा सुरू झाले की सगळे मिळून आठ आठवड्यांच्या आत संपले पाहिजेत, मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. आपल्याकडे बहुधा उफराटे होते. सुरुवातीला घाबरून धावाधाव, आणि मग मध्येच लग्नसराई, सुगी किंवा गाडीभाड्यासाठी आठवडाभर विश्रांती.

लपवाछपवीची वाट प्रेमातून निघते, म्हणून तिच्याविषयी बोलणे अवघड जाते. ‘तिला सांगू नका, ती खचून जाईल’ हे नातेवाइकांचे वाक्य प्रत्येक कर्करोग विभागाला पाठ आहे. त्यामागची कळकळ खोटी नसते. काही स्त्रियांना खरोखरच सगळे तपशील नको असतात, आणि ‘तुम्ही भावाशी बोला’ असे म्हणण्याचा हक्कही त्यांचाच आहे. पण तो हक्क तिने वापरायचा असतो. तिच्या वतीने दुसऱ्याने नव्हे. पोटातली गाठ काढली असे सांगून एखादीला अर्धवट अंधारात ठेवता येत असेलही, या आजारात ते जमत नाही. मूल हवे की नको, अंडाशय ठेवायचे का, किरणोपचारांआधी ते वर सरकवून घ्यायचे का, ही उत्तरे तिच्याशिवाय कोण देणार? कायदाही इथे संदिग्ध नाही. तपासणीपुरती संमती दिलेल्या, भूल दिलेल्या एका प्रौढ स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले, तेव्हा ही संमती ग्राह्य नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये स्पष्ट केले. तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान, सक्षम स्त्रीच्या शरीराबद्दल तिची आईसुद्धा सही करू शकत नाही. सासू, नवरा, दीर यांच्या सह्यांनी फाइल पुढे सरकवण्याच्या आपल्या रिवाजाला हा निकाल अजून पुरता पोचलेला दिसत नाही. शिवाय लपवलेले लपत नाही. कर्करोग रुग्णालयाच्या दारावर पाटी असते, आणि ती वाचता येत नसली तरी शेजारच्या बाकावरची बाई सांगतेच.

धीर धरण्याविषयीही शास्त्र आहे, आणि त्यातल्या मतांची सरमिसळ झाल्याने बराच घोळ झाला आहे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पाच अवस्था आता समुपदेशनाच्या प्रत्येक कार्यशाळेत सांगितल्या जातात. पण त्या मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आल्या होत्या. जिला बरे होण्याची दाट शक्यता आहे अशा बाईला त्या लावल्या की ‘तुझा अजून राग झाला नाही’ असा विचित्र हिशेब सुरू होतो. दुसरे मत ‘सकारात्मक राहा’ वाल्यांचे. लढाऊ वृत्तीने आयुष्य वाढते किंवा आजार उलटत नाही, या समजुतीला भक्कम आधार नाही, असे 2002 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्याने दाखवले. हे निराशेचे नसून सुटकेचे आहे: एखाद्या रात्री रडू आले म्हणून गाठ वाढत नाही. मला सर्वांत उपयोगी वाटते ती रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांची 1984 मधली मांडणी. बदलता येण्याजोग्या अडचणीला हात घालणे ही एक रीत. बदलता न येणाऱ्या गोष्टीने मनात उठणारे वादळ सांभाळणे ही दुसरी. दोन्ही लागतात, फक्त कोणती कशासाठी हे ओळखता यावे. लवकरच्या निदानात पहिल्या प्रकारचे काम भरपूर असते: कागद जमवणे, प्रश्न लिहून नेणे, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णालय बसते का ते पाहणे, घरच्या कामाची वाटणी. वाट पाहण्याच्या दिवसांत मात्र दुसरी रीत लागते, मग ती भजनाची असो, मैत्रिणीशी बोलण्याची असो की मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळीची. गोळीला कमीपणा मानण्याचे कारण नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड यांनी 1977 मध्ये कर्करोग रुग्णांच्या मनासाठी स्वतंत्र विभाग काढला, तो याच समजुतीने की मन हाही उपचाराचाच विषय आहे.

उपचार संपल्यावर ‘आता सगळे ठीक ना?’ असे विचारणाऱ्यांना ‘हो’ म्हणून टाकावे लागते. पण मोठ्या ऑपरेशननंतर मूत्राशयाच्या नसा दुखावलेल्या असतात. लघवीची भावनाच होत नाही म्हणून काही महिने घड्याळ बघून जावे लागते. ग्रंथी काढल्या असतील तर पाय सुजतो. ओटीपोटावर किरण घेतलेल्या तिशीतल्या बाईची पाळी एकाएकी जाते. योनिमार्ग आखडतो, तो आखडू नये म्हणून साधन वापरायचे असते, पण ते साधन कशासाठी हे तिला सांगताना सांगणाराही खाली बघतो, आणि बरेचदा सांगतच नाही. काही त्रास तंत्राने टळतात. ऑपरेशननंतरचे किरण प्रतिमांच्या आधारे नेमके रोखले तर आतड्यांचे त्रास जवळजवळ निम्मे होतात, हे 2021 मध्ये मुंबईच्याच टाटा मेमोरियलच्या अभ्यासाने दाखवले. काही त्रास टळत नाहीत, पण आधी सांगितले असतील तर ते धक्का न राहता वेळापत्रकात बसतात. शरीरसंबंधाविषयीचे प्रकरण या पुस्तकात सगळ्यांत मोठे आहे, आणि ते तसेच असायला हवे होते.

जिथे दोन टक्के बायकांचीही तपासणी होत नाही, तिथे लवकर निदान झालेल्या मोजक्या जणींसाठी एवढा ग्रंथ ही चैन नव्हे का, असेही कोणी विचारेल. जागतिक आरोग्य संघटनेने 17 नोव्हेंबर 2020 रोजी या आजाराच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले, त्यात 2030 पर्यंतची तीन लक्ष्ये आहेत: 90 टक्के मुलींना लस, 70 टक्के स्त्रियांची तपासणी आणि आजार सापडलेल्यांपैकी 90 टक्के स्त्रियांवर उपचार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस जानेवारी 2023 मध्ये बाजारात आली, आणि पहिल्या लक्ष्याविषयी बोलणे वाढले. पण आज जी बाई चाळिशीत आहे तिच्या आजाराला लस उपयोगी नाही. तिचे भवितव्य दुसऱ्या आणि तिसऱ्या लक्ष्यात आहे. हे तिसरे लक्ष्य नुसत्या यंत्रांनी गाठता येत नाही. तपासणीला बाई येत नाही याचे एक कारण, ‘निघालं तर काय करायचं?’ या तिच्या प्रश्नाला तिच्या गावात कोणाकडे उत्तर नसते. ज्या वस्तीत एकीचा आजार वेळेत सापडून ती बरी झालेली आणि त्याविषयी बोलणारी असते, तिथल्या शिबिरात आशाताईला घरोघरी विनवण्या कराव्या लागत नाहीत. त्या अर्थाने हे पुस्तक प्रतिबंधाच्याही कामाचे आहे.

पुस्तकाची मांडणी काळाच्या ओघाने केली आहे: अहवाल हाती येण्यापासून पाच वर्षांच्या फेरतपासण्या संपेपर्यंत. शरीररचना आणि विषाणूचे शास्त्र गरजेपुरते येते. उपचारांची तुलना करताना लेखकांनी आपला कौल सांगितला आहे, पण पुरावा कुठे पक्का आणि कुठे कच्चा हेही सांगितले आहे. तरी गर्भाशय राखण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल त्यांचा सूर मला थोडा जास्त आशावादी वाटतो. दिवस जाणे आणि ते पूर्ण भरणे यांत अंतर असते, आणि अशा बाळंतपणाला लागणारी देखरेख जिल्ह्याच्या ठिकाणीही दुर्मिळ आहे. आयुर्वेद आणि इतर पद्धतींविषयीचे विवेचन संयमी आहे: त्रास कमी करण्यासाठी काय डॉक्टरांना सांगून घेता येईल, आणि मूळ उपचाराऐवजी काहीही का घेऊ नये, एवढ्यापुरते. पसरलेल्या आजाराविषयी हे पुस्तक बोलत नाही. त्याला वेगळ्या पुस्तकाची गरज आहे आणि ते घाईने याच पानांत कोंबले नाही हे बरे झाले.

वाचकांनी एक व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवावी. या पुस्तकातल्या अवस्था ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2018 च्या वर्गीकरणानुसार आहेत. जुन्या फायलीत किंवा नात्यातल्या कोणाच्या कागदावर ‘आयबी1’ लिहिलेले असेल, तर त्यात चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ मोडत असे. आजच्या ‘आयबी1’ची मर्यादा दोन सेंटिमीटर आहे. जुना आकडा घेऊन नव्या तक्त्यात उपचार शोधू नयेत. गाठीचे माप सेंटिमीटरमध्ये काय आहे ते विचारावे आणि तेच लिहून ठेवावे.